विश्लेषण : डिजिटल स्वाक्षरी खरी, पण तारीख खरी कशावरून? 'टाइमस्टॅम्प' कशासाठी लागतो?

करारावरची डिजिटल स्वाक्षरी अस्सल आहे, प्रमाणपत्र अस्सल आहे, मजकुरात एका स्वल्पविरामाचाही फरक झालेला नाही. तरीही ही स्वाक्षरी १० मार्चला झाली की १० जुलैला, हे त्या पीडीएफवरून खात्रीने सांगता येत नाही, असे होऊ शकते. स्वाक्षरीच्या चौकोनात दिसणारी तारीख आणि वेळ अनेकदा स्वाक्षरी करणाऱ्याच्याच संगणकाच्या घड्याळातून आलेली असते. ते घड्याळ मागे न्यायला चार क्लिक पुरतात. कंपन्यांचे ठराव, निविदा, फॉर्म १६, सातबारा उतारे, कर्जाची कागदपत्रे हे सारे डिजिटल स्वाक्षरीवर आलेले असताना, तारखेची हमी देणारा 'ट्रस्टेड टाइमस्टॅम्प' म्हणजे काय, सॉफ्टवेअरमध्ये तो कसा जोडतात आणि तो नसेल तर कोणाचे काय बिघडते?

डिजिटल स्वाक्षरी नेमके काय सांगते?

दोनच गोष्टी. एक, ज्याच्या नावाचे प्रमाणपत्र आहे त्याच्या खासगी किल्लीनेच ही स्वाक्षरी झाली. दोन, स्वाक्षरीनंतर मजकूर बदललेला नाही. यासाठी दस्तऐवजाचा 'हॅश' काढला जातो. हॅश म्हणजे मजकुराचा अंगठ्याचा ठसाच. दस्तऐवज एक पानाचा असो की हजार पानांचा, एसएचए-२५६ या पद्धतीने निघणारा हॅश कायम २५६ बिटचा. मजकुरातला एक अनुस्वार हलला तरी हॅश पूर्ण बदलतो. हा हॅश खासगी किल्लीने स्वाक्षरित होतो. ती किल्ली यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे बोलीभाषेतल्या 'डोंगल'मध्ये असते.

वेळ यात कुठेच नाही. पीडीएफमध्ये स्वाक्षरीच्या वेळेसाठी एक रकाना असतो खरा, पण त्यात काय भरायचे हे स्वाक्षरी करणारे सॉफ्टवेअर ठरवते. ॲक्रोबॅट रीडरमध्ये स्वाक्षरीचा तपशील उघडला की अशा वेळी स्वाक्षरीची वेळ स्वाक्षरी करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळावरून घेतल्याचे इंग्रजीत स्पष्ट लिहिलेले दिसते. फारसे कोणी ते वाचत नाही. प्रमाणपत्र ज्या दिवशी जारी झाले त्याच्या मागे मात्र तारीख नेली तर तपासणीत ती पकडली जाते. भारतात डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असते, म्हणजे तारीख मागे-पुढे करायला मैदान तेवढे मोठे.

तारखेवरून वाद कुठे होतो?

कागदाच्या जगात हा वाद जुनाच आहे. मागच्या तारखेचे स्टॅम्प पेपर मिळवून केलेले करार, नंतर लिहून काढलेली सभेची इतिवृत्ते आपल्याकडे कोणाला नवी नाहीत. २०१७ मध्ये पाकिस्तानात पनामा पेपर्स प्रकरणाच्या चौकशीत मरियम नवाज यांच्या बाजूने सादर झालेल्या एका दस्तऐवजावर फेब्रुवारी २००६ची तारीख होती. मजकूर 'कॅलिब्री' या टंकात होता आणि तो टंक २००७ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आला, असे चौकशी पथकाने निदर्शनास आणले. मोठे राजकीय वादळ उठले. तिथे डिजिटल स्वाक्षरीचा संबंध नव्हता, पण प्रश्न तोच होता: हा कागद म्हणतो त्या दिवशी अस्तित्वात होता का? टंकाने दगा दिला म्हणून शंका तरी आली. डिजिटल स्वाक्षरी केलेल्या पीडीएफमध्ये असा धागादोरा सापडेलच असे नाही.

दुसरा प्रसंग अधिक रोजचा आहे आणि त्यात फसवणूक करणारा माणूस स्वाक्षरीचा मालक नसतो. एखाद्या छोट्या कंपनीच्या संचालकाचे डोंगल हिशेब पाहणाऱ्या कार्यालयाच्या खणात पडून असते. पासवर्ड डोंगलला चिकटवलेल्या कागदावर. ही पद्धत चुकीची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती सर्रास आहे. समजा ते डोंगल गहाळ झाले. संचालक दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र रद्द करून घेतो. पण ज्याच्या हाती डोंगल लागले तो संगणकाची तारीख आठवडाभर मागे नेतो आणि एका हमीपत्रावर स्वाक्षरी करतो. आता तपासणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. दाखवलेली तारीख खरी मानायची, तर चोराची स्वाक्षरी वैध ठरते. ती मानायची नाही, तर संचालकाने त्याआधी दोन वर्षांत प्रामाणिकपणे केलेली प्रत्येक स्वाक्षरीही संशयाच्या घेऱ्यात येते. प्रत्येक स्वाक्षरीला बाहेरच्या यंत्रणेने वेळेचा शिक्का दिलेला असेल तर मात्र रद्द होण्याआधीच्या स्वाक्षऱ्या एका बाजूला आणि नंतरच्या दुसऱ्या बाजूला काढता येतात.

टाइमस्टॅम्प म्हणजे काय?

सरकारी कार्यालयातला आवक-जावक विभाग डोळ्यांसमोर आणावा. अर्जातली मागणी रास्त आहे का, हे आवक लिपिक पाहत नाही. तो तारखेचा शिक्का मारतो, क्रमांक टाकतो आणि पोच देतो. पुढे 'अर्ज मुदतीत आलाच नव्हता' असे कोणी म्हटले तर ती पोच कामाला येते. तिचे मोल एवढ्याचसाठी, की शिक्का अर्जदाराच्या हातात नव्हता.

डिजिटल व्यवहारात हे काम 'टाइमस्टॅम्पिंग अथॉरिटी' करते. तिच्याकडे दस्तऐवज पाठवला जात नाही, केवळ हॅश जातो. त्यामुळे करारात काय लिहिले आहे हे तिला कळण्याची सोय नाही; लिपिकाने पाकीट न उघडताच शिक्का मारावा, तसे. ती आपल्या अचूक घड्याळातली वेळ त्या हॅशला जोडते, अनुक्रमांक देते आणि या साऱ्यावर स्वतःच्या किल्लीने स्वाक्षरी करून परत पाठवते. परत येणाऱ्या या पुडक्याला 'टोकन' म्हणतात. डोंगललाही टोकनच म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो, पण दोन्हींचा संबंध नाही. या देवाणघेवाणीचा आंतरराष्ट्रीय नियम 'आरएफसी ३१६१' या नावाने ऑगस्ट २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही जगभरचे सॉफ्टवेअर त्यावरच चालते.

कल्पना त्याहून जुनी. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकेतील बेलकोअरच्या संशोधकांनी १९९१ मध्ये डिजिटल दस्तऐवजाला वेळेचा शिक्का कसा द्यावा, यावर निबंध प्रसिद्ध केला. शिक्का मारणारी संस्थाच लबाड निघाली तर, हा प्रश्न त्यांना पडला होता. उपाय म्हणून त्यांनी शिक्के एकमेकांत साखळीसारखे गुंफले. पुढे त्यांच्या शुअरटी या कंपनीने १९९५ पासून साखळीचा हॅश दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापून घरोघरी गेलेला अंक मागे जाऊन कोण बदलणार? २००८च्या बिटकॉइनच्या मूळ निबंधातील आठ संदर्भांपैकी तीन या दोघांच्या कामाचे आहेत.

कोडमध्ये तो कसा जोडतात?

जावामध्ये आयटेक्स्ट, पीडीएफबॉक्स आणि बाउन्सी कॅसल, पायथॉनमध्ये पायहँको अशा तयार लायब्ररी आहेत. प्रयोगापुरते करायचे तर ओपनएसएसएलमध्येही त्यासाठीची आज्ञा असते. लायब्ररी कोणतीही घेतली तरी आतला क्रम सारखाच.

पीडीएफमध्ये स्वाक्षरीसाठी आधी जागा राखून ठेवली जाते. ती जागा वगळून उरलेल्या फाइलचा हॅश काढतात आणि डोंगलकडून त्यावर स्वाक्षरी घेतात. इथपर्यंत नेहमीचेच. आता या तयार झालेल्या स्वाक्षरीचा पुन्हा हॅश काढायचा. हे नीट लक्षात घ्यायला हवे: शिक्का दस्तऐवजावर नव्हे, स्वाक्षरीवर मारला जातो. कारण 'हा मजकूर तेव्हा होता' एवढेच सिद्ध करायचे नसून 'ही स्वाक्षरी तेव्हा झालेली होती' हे सिद्ध करायचे आहे. या हॅशसोबत एक यादृच्छिक आकडा जोडून विनंती साध्या एचटीटीपी पोस्टने टाइमस्टॅम्प सर्व्हरला जाते. तो आकडा उत्तरात जसाच्या तसा परत यावा लागतो, म्हणजे मध्येच कोणी जुने उत्तर पुढे करू शकत नाही.

उत्तर आले की कोडने चार गोष्टी तपासायच्या. विनंती मंजूर झाली का, टोकनमधला हॅश आपण पाठवलेलाच आहे का, यादृच्छिक आकडा जुळतो का, आणि ज्या प्रमाणपत्राने टोकन स्वाक्षरित झाले ते टाइमस्टॅम्पिंगसाठीच दिलेले आहे का. मगच टोकन स्वाक्षरीच्या पुडक्यात 'अस्वाक्षरित गुणधर्म' म्हणून ठेवतात. नाव ऐकून दचकायला नको. स्वाक्षरी आधीच झालेली असल्याने नंतर आलेली वस्तू तिच्या कक्षेबाहेर ठेवावी लागते, नाहीतर मूळ स्वाक्षरीच मोडेल. टोकन स्वतः दुसऱ्या संस्थेने स्वाक्षरित केलेले असल्यामुळे बाहेर राहूनही ते सुरक्षित असते.

चुका कुठे होतात?

बहुतेक लायब्ररींमध्ये टाइमस्टॅम्प ऐच्छिक असतो. त्या जागी 'नल', म्हणजे काहीच नाही, असे दिले तरी कोड बिनतक्रार चालतो. पीडीएफ तयार होते, स्वाक्षरीचा चौकोन दिसतो, चाचणी उत्तीर्ण होते. उणीव कळते ती वाद उभा राहिल्यावर.

याहून घातक चूक अशी. कोडमध्ये टाइमस्टॅम्प मागितलेला असतो, पण सर्व्हर उत्तर देत नसेल तर त्रुटी गिळून टाकून दस्तऐवज टाइमस्टॅम्पशिवायच पुढे पाठवला जातो. मागणीपत्रे, उतारे, प्रमाणपत्रे हजारोंच्या संख्येने एका रात्रीत स्वाक्षरित होतात. प्रत्येकासाठी नेटवर्कवर एक फेरी होते. तासभर सर्व्हर अडखळला तर त्या तासातील दस्तऐवज शिक्क्याविना बाहेर पडतात आणि पाठवणाऱ्याला पत्ताही नसतो. टाइमस्टॅम्प मिळाला नाही तर स्वाक्षरीची प्रक्रियाच थांबवायची आणि दस्तऐवज रांगेत ठेवायचा, हा कडक नियम गैरसोयीचा वाटला तरी तोच बरोबर.

राखीव जागेचाही घोळ होतो. टोकनमध्ये प्रमाणपत्रांची साखळी असल्याने ते काही किलोबाइटचे असते. जागा फक्त स्वाक्षरीपुरती राखली असेल तर टोकन मावत नाही. आणि जागा नंतर वाढवता येत नाही, कारण तसे केल्यास फाइल बदलते आणि स्वाक्षरी मोडते. सर्व्हरवर घड्याळ अचूक लावले आहे, मग वेगळा टाइमस्टॅम्प कशाला, असा युक्तिवादही ऐकू येतो. पण अचूक घड्याळ आणि साक्ष देणारे घड्याळ यांत फरक आहे. सर्व्हरचे घड्याळ त्याच्या ॲडमिनच्या हाती असते.

३१ मार्चची रात्र आणि साडेपाच तास

टोकनमधली वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये असते. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता झालेल्या स्वाक्षरीच्या टोकनमध्ये ३१ मार्च, रात्रीचे साडेआठ असे लिहिलेले असेल. टोकन चूक नाही, पण ते वाचून पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रामने रूपांतर केले नाही तर आर्थिक वर्षच बदलते. निविदेच्या अंतिम मुदतीबाबत उलटा घोटाळा होतो. दुपारी तीनची मुदत असताना साडेचारला झालेली स्वाक्षरी टोकनमध्ये अकराची दिसते. त्यामुळे साठवताना यूटीसी आणि दाखवताना भारतीय वेळ, तीही 'भारतीय प्रमाणवेळ' असे लिहून, हा शिरस्ता पाळावा लागतो.

प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर काय?

इथे टाइमस्टॅम्पची गरज सर्वाधिक जाणवते. आधार ओटीपीवर चालणाऱ्या ई-साइनमध्ये स्वाक्षरीपुरती किल्ली तयार होते आणि तिचे प्रमाणपत्र अवघ्या ३० मिनिटांचे असते. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा करार अर्ध्या तासाच्या प्रमाणपत्रावर उभा असतो. यात गैर काही नाही. किल्ली उरतच नाही, त्यामुळे चोरीची भीती राहत नाही. पण मग पुढच्या वीस वर्षांत प्रत्येक तपासणीचा प्रश्न एकच उरतो: स्वाक्षरी त्या ३० मिनिटांत झाली होती का?

त्यासाठी पीडीएफ स्वाक्षरीच्या युरोपीय मानकात चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली साधी स्वाक्षरी. दुसरीत टाइमस्टॅम्प. तिसरीत प्रमाणपत्र त्या वेळी रद्द झालेले नव्हते, याचा पुरावाही फाइलमध्येच साठवतात, कारण वर्षांनंतर ती माहिती देणारा सर्व्हर असेलच असे नाही. चौथीत या साऱ्यावर ठरावीक काळाने नवा टाइमस्टॅम्प मारत जातात. हे कशाला? टाइमस्टॅम्प देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्रही कधीतरी संपते आणि हॅशच्या पद्धतीही म्हाताऱ्या होतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एसएचए-१ या पद्धतीने एकच हॅश येणाऱ्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या. त्या पद्धतीवरचे जुने शिक्के नव्या पद्धतीच्या शिक्क्याखाली वेळेत न आणल्यास त्यांचा भरवसा उरत नाही.

प्रमाणपत्र देणारी संस्थाही डळमळू शकते. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या कंपनीत घुसखोरी होऊन पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रे निघाली आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही २०१४ मध्ये एनआयसीच्या प्रमाणन यंत्रणेतून अनधिकृत प्रमाणपत्रे जारी झाल्याचे गुगलने उघड केल्यावर ती मधली प्रमाणपत्रे रद्द करण्यात आली होती. अशा वेळी आधीच्या आणि नंतरच्या स्वाक्षऱ्यांत रेघ ओढायची तर वेळेची साक्ष तिसऱ्याच कोणाची तरी हवी.

भारतात व्यवस्था काय आहे?

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्याखालील प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक परवाने देतात. परवानाधारक संस्थांना 'सीए' म्हणतात. ज्यांच्या खणात डोंगल असतात ते सीए वेगळे. टाइमस्टॅम्प सेवेसाठीही नियंत्रकांच्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि तिचे घड्याळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे अपेक्षित आहे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी याच प्रयोगशाळेची. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांद्वारे सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि कंपन्यांनाही आपली घड्याळे एनआयसी किंवा या प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळवण्यास सांगितले.

इंटरनेटवर परदेशी टाइमस्टॅम्प सर्व्हर फुकट मिळतात आणि विकासकांच्या कोडमध्ये तेच पत्ते सहज कॉपी होऊन येतात. तांत्रिकदृष्ट्या टोकन योग्यच असते. पण भारतातील न्यायालयात ते मांडायचे तर त्याची विश्वाससाखळी भारताच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचत नाही. पक्षकाराला मग ते वेगळे पटवून द्यावे लागते. इथल्या परवानाधारकाची सेवा घेण्यात खर्च असला तरी हा त्रास वाचतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात आता हॅशही नमूद करावा लागतो. फाइल बदललेली नाही हे दाखवण्यासाठी ही चांगली सुधारणा आहे. मात्र हॅश न्यायालयात देताना काढला जातो. फाइल त्याआधी कधीपासून तशीच होती, हे तो सांगत नाही. युरोपीय महासंघाने २०१४च्या ईआयडास नियमावलीत पात्र टाइमस्टॅम्पवरील तारीख-वेळ अचूक असल्याचे गृहीत धरावे, असे स्पष्ट लिहिले. ती चूक असल्याचे सिद्ध करण्याचा भार त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यावर येतो.

टाइमस्टॅम्प काय सिद्ध करत नाही?

तो 'या वेळेच्या आधी' एवढेच सांगतो. स्वाक्षरी त्या क्षणी अस्तित्वात होती. ती पाच मिनिटे आधीची की पाच महिने आधीची, हे त्याला ठाऊक नसते. मजकूर खरा आहे का, हा तर त्याचा विषयच नाही. एखाद्याने परस्परविरोधी पाच करारपत्रांवर एकाच दिवशी टाइमस्टॅम्प घेऊन ठेवले आणि पुढे सोयीचे तेवढे बाहेर काढले, तर त्यातला प्रत्येक शिक्का खराच असेल. आवक विभागही पाचही अर्जांना क्रमांक देतोच.

मोबाइलवर तपासता येते का?

व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ फोनवर उघडली की हिरवी खूण किंवा पिवळे प्रश्नचिन्ह असलेला चौकोन दिसतो, पण तो बहुधा नुसते चित्र असतो. फोनवरची बहुतेक वाचक ॲप स्वाक्षरी तपासतच नाहीत. प्रिंट काढली तर स्वाक्षरीही उरत नाही आणि टाइमस्टॅम्पही. मूळ फाइल संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून स्वाक्षरीच्या पॅनेलमध्ये जावे लागते. वेळ संगणकाच्या घड्याळावरून घेतल्याचे तिथे लिहिले असेल तर टाइमस्टॅम्प नाही. स्वाक्षरी टाइमस्टॅम्प केलेली असल्याचे लिहिले असेल तर त्याखाली तो देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र पाहता येते. प्रश्नचिन्ह दिसले म्हणजे स्वाक्षरी बनावट असे नाही. त्या संगणकातील सॉफ्टवेअर भारताच्या मूळ प्रमाणपत्राला ओळखत नसेल तरी ते दिसते. फाइल व्हॉट्सॲपवर पुढे पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवावी. स्क्रीनशॉट काढून किंवा पुन्हा पीडीएफ 'प्रिंट' करून पाठवली तर तपासण्यासारखे काहीच शिल्लक राहत नाही.